पडद्यावरचा रंग, पदरावरचा रंग

कापडाच्या दुकानात साडी पसंत पडली की ती घेऊन दाराशी जायचं, उजेडात धरायची, उलटसुलट करून बघायची आणि मगच "बांधा" म्हणायचं, ही आपल्या आई-आजीची रीत. चांगला दुकानदारही आपणहून म्हणायचा, "ताई, बाहेर उजेडात बघून घ्या." दिव्याखाली काळी दिसणारी साडी बाहेर आल्यावर नेव्ही ब्लू निघते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आपल्यालाही.

आता दुकानच घरात आलं आहे. दुपारची कामं आटोपून जरा टेकलं की टीव्हीवर कुणीतरी साड्या उलगडून दाखवत असतं. हातातल्या फोनवर तर दिवसरात्र बाजार भरलेला. भाव बरा, नक्षी सुंदर, घरपोच माल. अडचण एकच. या दुकानाला दार नाही, की जिथे उभं राहून साडी उजेडात धरता येईल. मग पुडकं उघडल्यावर मोरपंखीऐवजी निळी, अबोलीऐवजी भगवी आणि मोतियाऐवजी पिवळट साडी हातात येते. घरातली मंडळी मोकळी होतात म्हणायला, "बघून घ्यायचं नाही का?" अहो, बघूनच घेतलेली असते! पण जे बघितलं ते कापड नव्हतं, कापडाचं चित्र होतं. चित्रातून कापडाचा खरा रंग ओळखायचा कसा, ते आज पाहू या. त्यात अवघड काही नाही. चार गोष्टी समजून घेतल्या की नजर तयार होते.

रंग उजेडाचा असतो

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. कापडाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर जो प्रकाश पडतो, त्यातला काही भाग ते शोषून घेतं आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे परत पाठवतं. तो उरलेला प्रकाश म्हणजेच आपल्याला दिसणारा रंग. दिवा बदलला की रंग बदलणारच.

दिव्यांच्या खोक्यावर २७००, ३०००, ६५०० असे आकडे आणि पुढे 'के' छापलेलं असतं. तो प्रकाशाच्या रंगाचा आकडा. २७०० किंवा ३००० चा दिवा पिवळसर, उबदार. ६५०० चा निळसर पांढरा. पिवळ्या दिव्याखाली लाल, केशरी, सोनेरी रंग खुलतात आणि निळे-जांभळे मरगळतात. निळसर पांढऱ्या दिव्याखाली नेमकं उलट. सराफाच्या दुकानात पिवळसर दिवे का असतात, हे आता सांगायला नको. काही दिव्यांच्या खोक्यावर 'सीआरआय' असा आणखी एक आकडा असतो. रंग किती खरे दिसतील याचा तो अंदाज. ऐंशीचा दिवा रोजच्या वापराला पुष्कळ झाला, पण कपाटाच्या आरशापाशी नव्वद किंवा अधिकचा दिवा लावलात, तर लाल रंग तपकिरी दिसण्याचा त्रास वाचेल.

मॅचिंग सेंटरमध्ये हा अनुभव प्रत्येकीने घेतला असेल. साडीला लावून बघितलेला टू बाय टूचा तुकडा दुकानातल्या ट्यूबखाली अगदी तंतोतंत जुळतो. घरी आणून गॅलरीत धरला की वेगळाच! दुकानदाराने फसवलेलं नसतं. साडीचं सूत वेगळं, ब्लाऊजपीसचं वेगळं. दोन्हींना रंगवताना वापरलेले रंगही वेगळे. एका दिव्याखाली ते सारखे दिसतात, दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. शास्त्रात याला 'मेटामेरिझम' म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, दाराशी जायला विसरू नका.

उजेडातसुद्धा फरक असतो बरं का. सकाळचं कोवळं आणि संध्याकाळचं उतरतं ऊन तांबूस असतं. पावसाळी ढगाळ दिवसाचा उजेड निळसर असतो. तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशात तर आपले डोळेच लाल रंगाला आधी सोडतात. मरून काळा दिसू लागतो आणि निळा मात्र उठून दिसतो. म्हणून रंग पारखायची वेळ अकरा ते तीन, आणि जागा खिडकीजवळची, पण थेट ऊन न येणारी. खिडकी उत्तरेकडची असेल तर उत्तमच. आणि भिंत पिस्ता किंवा गुलाबी रंगाची असेल तर तिच्यापासून थोडं लांब उभं राहा. भिंतीचा रंगही कापडावर सांडतो.

फोटो काढतानाच रंग बदलतो

आता विक्रेत्याकडे जाऊ. साडीचा फोटो काढताना भरपूर दिवे लावतात, म्हणजे नक्षी स्पष्ट यावी. त्या प्रकाशात रंग उजळ होतात. शिवाय कॅमेरा स्वतःच ठरवतो की या दृश्यात पांढरं काय असावं, आणि त्याप्रमाणे बाकीचे रंग सरकवतो. सगळी चौकट एकाच गडद साडीने भरली असेल तर त्याचा अंदाज हमखास चुकतो. पुढे संगणकावर फोटो 'जरा उठावदार' केला जातो. म्हणजे फोटो आपल्यापर्यंत येण्याआधीच रंगाने तीन हात बदललेले असतात.

कॅमेऱ्याचा अंदाज आणि माणसाची नजर यांचा गोंधळ किती होतो, याचं एक उदाहरण जगभर गाजलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका लग्नाच्या निमित्ताने काढलेला एका पोशाखाचा फोटो इंटरनेटवर आला. पोशाख निळा आणि काळा होता. पण फोटो बघून असंख्य लोक शपथेवर सांगू लागले की तो पांढरा आणि सोनेरी आहे! एकाच घरात, एकाच पडद्यावर बघणाऱ्या दोघांचं जमेना. फोटोतला उजेड कसला, हे नीट कळत नव्हतं. ज्यांच्या मनाने 'पोशाख सावलीत आहे' असं धरलं त्यांना तो पांढरा दिसला, ज्यांच्या मनाने 'पिवळा दिवा आहे' असं धरलं त्यांना निळा. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यावर अभ्यास केला. तेव्हा रंग चुकला म्हणून स्वतःला बावळट समजायचं मुळीच कारण नाही.

यातून एक युक्ती मात्र शिकण्यासारखी आहे. कोणत्याही फोटोत आधी पांढरं शोधा. मागची भिंत, किमतीची चिठ्ठी, पुतळ्याचा हात, मॉडेलच्या हातातली फुलं, काहीही. ते पांढरं जर पिवळसर दिसत असेल, तर साडीही प्रत्यक्षात कमी पिवळी असणार. पांढरं निळसर दिसत असेल, तर साडीतला थोडा निळेपणा मनातून काढून टाका. फोटोत पांढरं काहीच नसेल तर माणसाच्या हाताचा रंग बघा. हात भाजक्या विटेसारखा लाल दिसत असेल तर लाल साडीवर विश्वास ठेवू नका.

दुसरी खूण. एकच साडी सहा रंगांत दाखवली असेल तर सहाही फोटो शेजारी शेजारी बघा. निऱ्या, पदराची घडी, मॉडेलचं बोटसुद्धा तंतोतंत तसंच असेल, तर साडी एकच नेसवली आहे आणि बाकीचे पाच रंग संगणकाने चढवले आहेत. अशा वेळी त्या पाचांतला रंग हा नुसता अंदाज समजावा.

आपला पडदा आपल्याला माहीत हवा

पडदा मग टीव्हीचा असो की फोनचा, सगळे रंग तो लाल, हिरवा आणि निळा अशा तीनच ठिपक्यांतून तयार करतो. तीन ठिपक्यांत पुष्कळ रंग बसतात, पण सगळे नाही. भरदार मोरपंखी, काही गडद हिरवे-निळे साध्या पडद्याला दाखवताच येत नाहीत. तो त्यातल्या त्यात जवळचा रंग दाखवून वेळ मारून नेतो.

त्यातून प्रत्येक पडद्याची तऱ्हा न्यारी. जाऊबाईंच्या फोनवर साडी झगमगते आणि तीच आपल्या फोनवर फिकी वाटते. काही फोनांत रंग मुद्दाम भडक करण्याची सोय असते, तिला 'व्हिविड' असं काहीसं नाव असतं. सेटिंगमधल्या 'डिस्प्ले'मध्ये जाऊन ते 'नॅचरल' करावं. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून फोन पिवळा करण्याची जी सोय असते, 'नाइट लाइट' किंवा 'आय कम्फर्ट', ती चालू असताना साडी कधीही पसंत करू नये. पांढरी मोतिया दिसेल आणि निळी हिरवट. दिवसा, पडद्याचा उजेड मध्यम ठेवून, फोन समोर सरळ धरून बघावं.

आपल्या फोनची एक चाचणी घरच्या घरी करता येते. कपाटातल्या पाच-सहा साड्या काढा. एक लाल, एक हिरवी, एक निळी, एक जांभळी, एक पांढरी आणि एक राणी. खिडकीच्या उजेडात प्रत्येकीचा फोटो काढा आणि लगेच तो फोटो त्याच साडीशेजारी धरून बघा. कोणता रंग बरोबर येतो, कोणता घसरतो आणि कुणीकडे घसरतो, ते एका वहीत टिपून ठेवा. "जांभळी निळी दिसते, राणी फिकी पडते" एवढंच लिहिलंत तरी पुढच्या खरेदीला उपयोगी पडेल.

टीव्हीचंही तसंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा चित्र काळंपांढरं होतं. निवेदिकेची साडी कोणत्या रंगाची असेल, यावर घराघरांत पैजा लागत. १९८२ साली आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आलं आणि पैजा थांबल्या. पण खरं सांगायचं तर त्या पुन्हा सुरू करायला हरकत नाही! नव्या टीव्हीत 'व्हिविड', 'डायनॅमिक', 'स्टँडर्ड', 'सिनेमा' असे चित्राचे प्रकार असतात. पहिल्या दोहोंत रंग भडक आणि निळसर येतात. खरेदीचा कार्यक्रम बघायचा तर 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' लावून बघावा. साध्या टीव्हीसमोर बाजूला बसून बघितलं तर रंग फिके दिसतात, म्हणून अगदी समोर बसावं. आणि निवेदिका जेव्हा साडी हातात घेऊन हलवते, घडी मोडते, पदर उलटा करते, तेव्हाच नीट लक्ष द्यावं. सजवलेल्या स्थिर चित्रापेक्षा हलणाऱ्या कापडात रंगाच्या दोन-तीन छटा दिसून जातात. खरा रंग त्यांच्या मधे कुठेतरी असतो.

हमखास फसवणारे रंग

सगळेच रंग सारखे फसवत नाहीत. विटकरी, बदामी, राखाडी, साधा आकाशी हे बिचारे बऱ्यापैकी खरे निघतात. पण पुढच्या मंडळींपासून सावध राहावं.

*मोरपंखी आणि रामा :* हिरवा आणि निळा यांच्या सीमेवरचे रंग. पडद्यावर एकतर सरळ हिरवे होतात, नाहीतर सरळ निळे.

*जांभळा, वांगी :* कॅमेऱ्याला हे नेहमीच जड जातात. फोटोत निळे दिसणारे प्रत्यक्षात जांभळे निघू शकतात.

*चकाकणारे राणी आणि पोपटी :* या रंगांत कधी कधी असे रंगद्रव्य असते जे उन्हात स्वतःच उजळतं. ती झळाळी पडदा दाखवू शकत नाही. फोटोत 'छान गुलाबी' वाटलेली साडी अंगणात डोळे दिपवते.

*काळा आणि नेव्ही ब्लू :* संक्रांतीला काळी चंद्रकळा मागवायची आणि नेव्ही ब्लू यायची, हा प्रकार जुनाच. काही कृत्रिम काळे रंग कॅमेऱ्याला तांबूसही दिसतात. 'काळीच आहे ना?' असं विचारून लेखी उत्तर घ्यावं.

*पांढरा, मोतिया, हस्तिदंती :* शुभ्र कापडात उन्हातल्या अदृश्य किरणांनी निळसर चमकणारी द्रव्ये घातलेली असतात. उन्हात ते दुधासारखं दिसतं. एलईडी दिव्यात ते किरण जवळजवळ नसतात, म्हणून तेच कापड मंद दिसतं. फोटोवरून पांढऱ्याला पांढरा जुळवणं तर जवळपास अशक्य.

*धूपछाँव :* उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. आपल्या पैठणीत ही गंमत असते. वळवली की लाल, झुकवली की हिरवी. फोटो एकाच कोनातून काढलेला असतो, त्यामुळे त्यात अर्धीच पैठणी दिसते. अशी साडी चलचित्राशिवाय घेऊच नये.

*जर :* जरीचा सोनेरीपणा हा निव्वळ प्रकाशाचा खेळ. खरी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, पण फोटोत तिच्यात आणि नकली जरीत फरक कळत नाही. पिवळ्या दिव्याखाली पितळी रंगाची जरही श्रीमंत दिसते.

कापडाचा पोतही ध्यानात घ्यावा. तोच रंग साटिनवर उजळ, मखमलीवर गडद आणि सुतीवर मऊ दिसतो. जॉर्जेट, शिफॉन पातळ असल्याने आतल्या परकराचा रंगही बाहेर डोकावतो. मॉडेलने आत काय घातलं आहे, ते कोण सांगणार?

नावांचा घोळ

आपल्या भाषेत रंगांची नावं काय सुंदर आहेत! डाळिंबी, आमसुली, अबोली, कोनफळी, शेवाळी, अंजिरी, कुसुंबी. फळ, फूल, भाजी डोळ्यांपुढे आली की रंग समजतो. तरीही चिंतामणी म्हणजे नक्की कोणता, यावर एका घरातल्या जावा-जावांचं एकमत होत नाही. तिथे 'वाइन', 'टील', 'रस्ट', 'ओनियन पिंक' अशा नावांचं काय घेऊन बसलात! एकाची 'वाइन' आपली आमसुली, दुसऱ्याची वांगी. 'पीच' कुणाकडे अबोली असतो तर कुणाकडे गाजरी.

म्हणून नावावर विसंबू नये. विक्रेत्याला घरातल्या वस्तूची उपमा देऊन विचारावं. "हिरवा म्हणजे कच्च्या कैरीसारखा की पालकासारखा?" "पिवळा हळदीसारखा की लिंबासारखा?" "लाल कुंकवासारखा की विटेसारखा?" समोरची व्यक्ती बोलणारी असेल तर या प्रश्नांना नेमकं उत्तर देते. उत्तर टाळत असेल तर तेही उत्तरच समजा.

शेजारचा रंग काय करतो

साडी नुसती वेगळी बघितली आणि काठ लावून बघितली, तर रंग निराळा वाटतो. ही गोष्ट फार पूर्वी एका शास्त्रज्ञाच्या ध्यानात आली. पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात मिशेल शेव्रल हा रसायनज्ञ १८२४ मध्ये रंगखात्याचा प्रमुख झाला. विणकर तक्रार करत, की कारखान्यातल्या काळ्या सुताला काळेपणाच नाही. शेव्रलने तपासलं, तर रंग उत्तम होता. ते काळं सूत निळ्या-जांभळ्या सुताशेजारी विणलं जात होतं, म्हणून ते निस्तेज दिसत होतं. दोष रंगाचा नव्हता, शेजाराचा होता! १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथच लिहिला.

आपल्याला यातून घ्यायचं ते हे. हिरव्या काठाशेजारी लाल अंग जास्तच लाल दिसतं. गडद पार्श्वभूमीवर फिकी साडी उजळते. फोटोतला रंग पारखताना हाताच्या बोटांनी किंवा कागदाने काठ आणि मागचा भाग झाकून फक्त अंगाचा तुकडा बघावा. मग काठाचा. दोन्ही वेगवेगळे बघितले की खरा अंदाज येतो.

आणखी एक नाजूक गोष्ट. वयपरत्वे डोळ्यांतलं भिंग पिवळट होत जातं आणि निळे-जांभळे रंग मंद दिसू लागतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर निळा रंग एकदम झळाळू लागल्याचं पुष्कळजणी सांगतात. पुरुषांमध्ये लाल-हिरव्याचा फरक न कळण्याचं प्रमाण बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतं. तेव्हा सासूबाईंना साडी वेगळी दिसली किंवा यजमानांनी शेवाळीला तपकिरी म्हटलं, तर वाद घालू नका. त्यांना खरोखरच तसं दिसत असेल.

मागवण्यापूर्वी आणि आल्यावर

चुकलेल्या रंगाची किंमत नेहमी पैशांतच मोजता येते असं नाही. ओळखीतल्या एका बाईंनी शिकवण्यांच्या पैशांतून लेकीच्या डोहाळजेवणासाठी हिरवी साडी मागवली. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ती आली आणि निघाली निळसर रामा रंगाची. परत पाठवून दुसरी येण्याइतका वेळ नव्हता. डोहाळजेवणाला साडी हिरवीच हवी. सासरची मंडळी जमणार. "दुकानात जाऊन घ्यायची सोडून" हे वाक्य त्या माऊलीने चार तोंडांतून ऐकलं. शेवटी बाजारातून घाईने दुसरी आणली, आणि साठवलेल्या पैशांची साडी कपाटात गेली. विक्रेत्याने फसवलं असंही म्हणता येत नाही, बाईंना रंग कळत नाहीत असंही नाही. वेळ हाताशी असता तर एवढं काहीच झालं नसतं. म्हणून पुढचे नियम.

१. कार्याची साडी असेल तर निदान तीन आठवडे आधी मागवावी. परत करणं, बदलून घेणं आणि ब्लाऊज शिवून घेणं एवढा वेळ हवा.

२. विकणाऱ्यांचे फोटो बाजूला ठेवून, आधी घेतलेल्या ग्राहकांनी घरी काढलेले फोटो बघावेत. ते दिसायला सुबक नसतात, पण खरे असतात. चार-पाच वेगवेगळ्या घरांतल्या फोटोंत जो रंग समान दिसेल, तो खरा.

३. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा थेट प्रक्षेपणात साड्या विकणाऱ्या भगिनींकडून घेत असाल, तर खिडकीच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून काढलेला छोटा व्हिडिओ मागावा. मागायला लाजू नये.

४. परत घेण्याची अट, किती दिवसांत आणि टपालखर्च कोणाचा, हे आधी वाचावं. ज्या चित्रावरून पसंत केली ते चित्र आणि त्याखालचं वर्णन फोनमध्ये साठवून ठेवावं.

५. पुडकं शक्यतो दिवसा, खिडकीशी उघडावं. बंद पुडक्यापासून उघडेपर्यंतचा व्हिडिओ घरातल्या कुणाकडून काढून घ्यावा. पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

६. रंग दिवसा एकदा आणि रात्री दिव्याखाली एकदा बघावा. साडी संध्याकाळच्या कार्यक्रमाला नेसायची असेल, तर तिथे दिव्याचा रंगच महत्त्वाचा.

७. मन ठरेपर्यंत चिठ्ठी काढू नये, घडी मोडून नेसू नये, आणि फॉल-पिको तर मुळीच करू नये.

८. ब्लाऊजपीस, परकर, बांगड्या यांची मागणी साडी हातात आल्यावरच करावी. पडद्यावरच्या रंगाला पडद्यावरचा रंग जुळवणं म्हणजे दोन अंदाजांची सोयरीक! साडी घेऊन मॅचिंग सेंटर गाठावं, आणि दाराशी जाऊन बघावं.

कायदा तुमच्या बाजूने आहे

पुष्कळदा पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की पडद्यामुळे रंगात थोडा फरक पडू शकतो. थोडा फरक पडतो हे खरंच आहे, ते वर पाहिलंच. कैरीऐवजी जरा गडद कैरी आली तर ते समजून घ्यावं. पण कैरीच्या जागी जांभूळ आलं, तर ती बारीक अक्षरं दुकानदाराला वाचवू शकत नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली झाला आणि त्याखाली २०२० मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी खास नियम आले. वस्तूची चित्रं आणि वर्णन तिच्या प्रत्यक्ष रूपाशी जुळणारं असलं पाहिजे, अशी हमी बाजार चालवणाऱ्या कंपनीने विक्रेत्यांकडून घ्यायची असते. वस्तू जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, असा नियम आहे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. त्यानंतरही गरज पडली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते. विक्रेता सुरतेला असो की बंगळूरला. नऊशे रुपयांच्या साडीसाठी कोण एवढं करतो, असं म्हणू नका. आपल्या नऊशे रुपयांना किती महिने लागले, ते आपल्यालाच ठाऊक असतं.

ज्या मैत्रिणी स्वतः घरून साड्या विकतात, त्यांनाही दोन शब्द. दिवसाउजेडी फोटो काढा, रंग भडक करू नका, आणि "फोटोत निळी दिसते, प्रत्यक्षात जांभळी आहे" असं आपणहून लिहा. एखादी विक्री जाईल, पण ती ग्राहक पुन्हा तुमच्याकडेच येईल.

आणि समजा, एवढी काळजी घेऊनही साडी थोडी वेगळीच निघाली, परत करायची मुदतही गेली? तर ती लगेच मनातून उतरवू नका. शेव्रलचा धडा आठवा. फिकी वाटणाऱ्या साडीवर विरोधी रंगाचा गडद ब्लाऊज घाला, ती उठेल. फार भडक असेल तर ब्लाऊज मंद, राखी किंवा मोतिया घ्या, ती शांत होईल. काठातल्या एखाद्या बारीक रेघेचा रंग ब्लाऊजला घेतला, की साडीचा सगळा नूरच बदलतो. दिव्याखाली खुलणारी असेल तर ती रात्रीच्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवा, उन्हात खुलणारी असेल तर सकाळच्या हळदीकुंकवाला नेसा. रंगाला त्याचा उजेड मिळाला, की तोही आपलासा होतो.